तेरा वर्षांची पोर, अगं!

अगं, थांब जरा, आत जाऊ नकोस. लिंबं घेऊन जा. कुंपणावरून वाकलेली फांदी तुमच्या हद्दीत आली म्हणजे ती तुमचीच, मी काही मोजत बसत नाही. आणि काय गं, सकाळी तुझा नवरा गाडीत पोरीचं हेल्मेट आणि हातमोजे टाकत होता, तो कुठला बेत? एवढ्या उन्हाळ्यात हातमोजे? ... काय सांगतेस! बर्फावरचं स्केटिंग!

छे छे, नाक कशाला मुरडू? चांगलंच आहे की. फ्रिमॉन्टमध्ये राहून स्केटिंगला नावं ठेवायची म्हणजे कोल्हापुरात राहून तालमीला नावं ठेवण्यासारखं झालं. तुम्ही मंडळी आत्ता पुण्याहून आलात, तुम्हाला कुठून माहीत असणार, पण या गावातली मुलगी ऑलिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आलीय. क्रिस्टी यामागुची. १९९२ साली, आल्बर्टव्हिलला. जन्मली तेव्हा पाय आत वळलेले होते तिचे, प्लास्टर घालघालून सरळ केले, आणि त्याच पायांवर सोनं आणलं. तिच्यानंतर इथलीच कॅरन चेन, २०१७ ची अमेरिकेची चॅम्पियन. तिचे स्केटिंगचे ड्रेस आई घरी शिवायची. ... बघ, लगेच डोळे चमकले तुझे! शिवणयंत्र आणलंयस ना तिकडून? पण सरावासाठी त्या मुलीला रिव्हरसाइडला जाऊन राहावं लागलं, तेही ध्यानात असू दे. खाली लॉस एंजेलिसच्याही पलीकडे आलं ते.

काय? काय म्हणालीस? नवऱ्याने एक्सेल शीट केलीय? "अलिसा लियू तेराव्या वर्षी चॅम्पियन झाली, म्हणजे आपल्या हातात अजून सात वर्षं आहेत"? अगं बाई, असं म्हणाला? हसू नकोस, मला तुझ्या पोरीची काळजी वाटायला लागलीय. हे पुरुष म्हणजे ना, अर्धी बातमी वाचतात आणि त्यावर पूर्ण बेत आखतात. टेक त्या पायरीवर. त्या मुलीचं सगळं सांगते तुला, आणि रात्री जेवताना त्यालाही ऐकव.

तर ही अलिसा इथलीच, आपल्या बे एरियातली. ओकलंडच्या रिंकवर वाढली. बाप आर्थर लियू, चीनमधल्या सिचुआनच्या डोंगराळ खेड्यातला माणूस. १९८९ मध्ये तिकडे विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा हा त्यात पुढे होता. मग जीव वाचवून देश सोडला. इथे येऊन वकिली शिकला आणि ओकलंडमध्ये ऑफिस थाटलं. मुलं हवी होती, म्हणून सरोगसीचा मार्ग धरला. एक नाही, दोन नाही, पाच! ही थोरली, मग एक बहीण, आणि त्यानंतर एकदम तिळं. ... हो ना, मलाही आधी पटेना, पण त्यानेच मोकळेपणी सांगितलंय सगळं, लपवाछपवी नाही. हा गडी मिशेल क्वानचा चाहता. म्हणून पोरीला पाचव्या वर्षी रिंकवर घेऊन गेला. तिथे लॉरा लिपेट्स्की नावाची कोच भेटली आणि पोर तिच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहिली. हे महत्त्वाचं बरं का. इतक्या लहान वयात एकाच कोचकडे टिकणं सोपं नसतं. इथले आईबाप कोच असे बदलतात, आपण दूधवाला तरी बदलू का तसा?

दहाव्या वर्षी ती इंटरमिजिएट गटाची अमेरिकेची विजेती झाली, २०१६ मध्ये. या गटाला एवढी लहान विजेती त्याआधी मिळाली नव्हती. दोन वर्षांनी ज्युनियर गटाची. तोपर्यंत बाहेरच्या लोकांना तिचं नावही ठाऊक नव्हतं, रिंकवरच्या आयांना मात्र पाठ होतं. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये, तेराव्या वाढदिवसाला जेमतेम काही दिवस राहिलेले असताना, बँकॉकच्या स्पर्धेत तिने ट्रिपल ॲक्सेल मारली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एवढ्या लहान मुलीने ती उडी कधीच मारली नव्हती.

आता ॲक्सेल म्हणजे काय ते नीट ऐक, नाहीतर नवऱ्यापुढे पंचाईत व्हायची. बाकीच्या सगळ्या उड्या पाठमोऱ्या घ्यायच्या असतात, ही एकच तोंड पुढे करून. उतरायचं मात्र पाठमोरंच, एका पायावर. त्यामुळे अर्धी गिरकी जास्तीची पडते. नाव ट्रिपल, पण फिरायचं साडेतीन वेळा, आणि तेही पुरता एक सेकंद हवेत मिळत नाही तेवढ्यात. ॲक्सेल पॉलसन नावाच्या नॉर्वेच्या गड्याने १८८२ मध्ये ही उडी काढली, एकेरी. तिप्पट करायला बायकांमधली पहिली उभी राहिली ती जपानची मिदोरी इतो, १९८८ मध्ये. अमेरिकेची पहिली टोन्या हार्डिंग, १९९१. हो, तीच ती, प्रतिस्पर्धी मुलीवरच्या हल्ल्याच्या प्रकरणात नाव आलेली! तिच्यावर सिनेमाही निघाला. ते प्रकरण पुन्हा कधीतरी, त्याला अख्खी दुपार लागेल. सांगायचा मुद्दा हा की २०१८ मध्येच, फेब्रुवारीत, प्याँगचांगला मिराई नागासूने ऑलिम्पिकमध्ये ही उडी मारली, तर अमेरिकेची ती पहिली बाई ठरली म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. आणि सहाच महिन्यांनी ही शेंबडी पोर तीच उडी मारून मोकळी!

मग आलं डेट्रॉइट. जानेवारी २०१९, मोठ्यांच्या गटाची अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा, नॅशनल्स म्हणतात तिला. आमचे हे फुटबॉल लावू म्हणत होते, मी रिमोट सोडला नाही. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीनंतर, ही दुसरी होती. पुढे होती ब्रेडी टेनेल, आदल्या वर्षीची चॅम्पियन. फ्री स्केटला, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीला, ही उतरली आणि सुरुवातीलाच ट्रिपल ॲक्सेल, लगेच दुसरी ट्रिपल ॲक्सेल. शॉर्टमधली धरली तर एका स्पर्धेत तीन. चेहऱ्यावर असं काही नाही की मी मोठं काही करतेय. शाळेच्या मैदानात पोरं खेळतात ना, तसा हसरा चेहरा. संपलं, आणि मग मात्र रडायलाच लागली. तेरा वर्षांची पोर, अगं! टॅरा लिपिन्स्की १९९७ मध्ये चौदाव्या वर्षी जिंकली होती, तो विक्रम मोडला.

आणि गंमत कुठे झाली माहितेय? बक्षीस घ्यायला. पोर साडेचार फुटांच्या आसपास, आणि पहिल्या नंबराचा चौथरा सगळ्यांत उंच. पायात ब्लेडवाले बूट. चढता येईना तिला! तेव्हा दुसरी आलेली टेनेल आणि तिसरी आलेली मरायाह बेल, दोघींनी हात देऊन तिला वर घेतलं. जिने आपल्याला हरवलं तिलाच हात देऊन वर चढवायचं, आणि तेही हसत. मला तर त्या दोघींचंच कौतुक वाटलं. त्या मरायाहचं नाव लक्षात ठेव, पुढे येणार आहे ती.

आता तुझ्या नवऱ्याच्या शीटमध्ये इथे "यशस्वी" म्हणून हिरवा रंग भरलेला असणार. पण पुढचं ऐक. देशाची चॅम्पियन झाली, तर जागतिक स्पर्धेला गेली असेल असं वाटतं ना? नाही गेली. वयात बसत नव्हती. मोठ्यांचं सोड, ज्युनियरांच्या जागतिक स्पर्धेलाही नाही! नियम असा की १ जुलैपर्यंत तेरा पूर्ण पाहिजेत, आणि हिचा वाढदिवस ८ ऑगस्टचा. आपल्याकडे शाळेच्या प्रवेशाला जून-जुलैच्या पोरांचं होतं ना, अगदी तोच घोळ. म्हणजे घरी राणी आणि बाहेर प्रवेश नाही.

पुढच्या वर्षी ज्युनियर म्हणून बाहेर पडली. लेक प्लॅसिडला, ऑगस्ट २०१९ मध्ये, क्वाड लुट्झ मारली, चार गिरक्यांची. अमेरिकेच्या कुठल्याही मुलीने स्पर्धेत ती त्याआधी मारली नव्हती. आणि त्याच कार्यक्रमात ट्रिपल ॲक्सेलही. या दोन्ही एकाच कार्यक्रमात करणारी जगातली पहिली बाई! बाई कसली, चौदा वर्षांची पोर. जानेवारी २०२० मध्ये ग्रीन्सबरोला पुन्हा देशाची चॅम्पियन. मग तालिनला ज्युनियर जागतिक स्पर्धेत ब्राँझ, आणि मग कोविड. रिंक बंद.

इथून चित्र बदलायला लागलं. लिपेट्स्कीकडचं शिक्षण २०२० मध्ये संपलं. नंतर कोच आले, कोच गेले, काही नुसते ऑनलाइन, लांब कॅनडात बसून. शिवाय मुलगी मोठी व्हायला लागली. यात लपवण्यासारखं काय आहे? बारा-तेराव्या वर्षी अंग किरकोळ, कंबर अरुंद, भोवऱ्यासारखं फिरता येतं. मग उंची वाढते, वजन वाढतं, आणि काल येणारी उडी आज येत नाही. कालचं शरीरच राहिलेलं नसतं. त्यात तिचं कंबरेचं हाड दुखायला लागलं. जानेवारी २०२१ च्या लास वेगासच्या नॅशनल्सला ना ट्रिपल ॲक्सेल, ना क्वाड. चौथी आली. पेपरांनी तेव्हा लिहिलंच, आता ही संपली की काय. पंधरा वर्षांची मुलगी संपली! बोलायला यांचं काय जातं?

पण मला तेव्हाच ती आवडायला लागली, खरं सांगू? उड्या मारणारी पोर सगळ्यांनाच आवडते. उड्या गेल्यावर जी तशीच उतरते, तिच्यात पाणी असतं. सप्टेंबर २०२१ मध्ये नेबेलहॉर्नची स्पर्धा जिंकली आणि अमेरिकेला ऑलिम्पिकची तिसरी जागा मिळवून दिली. त्यानंतर ऑलिम्पिक तोंडावर असताना पुन्हा कोच बदलले, घर सोडून कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेली. नॅशनल्सला शॉर्ट झाल्यावर कोविड निघाला, तिथूनच माघार. आधीच्या कामगिरीवर तिला संघात घेतलं. त्या संघात तिघी होत्या, ही, आपली फ्रिमॉन्टची कॅरन चेन, आणि तिसरी कोण? मरायाह बेल! पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा देशाची चॅम्पियन झाली ती. पंच्याण्णव वर्षांत एवढ्या वयाची चॅम्पियन अमेरिकेने पाहिली नव्हती. जिला हात देऊन वर चढवलं त्या पोरीने दोनदा किताब नेला, आणि हिची पाळी आली तेव्हा ही पंचवीस. आता सांग, शीटमध्ये हे कुठल्या रकान्यात बसवायचं?

आणि बीजिंगच्या आधी काय झालं ते ऐक. अगदी सिनेमातलं. बाप चीनमधून पळून आलेला आणि ऑलिम्पिक चीनमध्ये! ऑलिम्पिक समितीचा माणूस बोलतोय असं सांगून कुणीतरी फोन केला, तुमचे आणि मुलीचे पासपोर्ट नंबर द्या म्हणून. आर्थर वकील माणूस, त्याला वास आला. दिले नाहीत. मागाहून, मार्च २०२२ मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याने चीनसाठी पाळत ठेवल्याचे आरोप काही माणसांवर ठेवले, तेव्हा हे बाहेर पडलं. तरी त्याने मुलीला पाठवलं. तिच्या संरक्षणाची हमी घेतली, तिच्यासोबत माणसं राहतील असं बघितलं आणि पाठवलं. मी असते तर पाठवलं असतं का? ... तू नसतंस पाठवलं. मीही नसतं, बहुतेक. पण मग तिला काय सांगितलं असतं, हाही प्रश्नच आहे.

ऑलिम्पिकला आधी सातवी लागली होती, नंतर रशियाच्या व्हॅलिएव्हा नावाच्या मुलीला बाद केलं तेव्हा सहावी झाली. मार्चमध्ये मॉन्टपेलियरला जागतिक स्पर्धेत ब्राँझ. अमेरिकेच्या मुलींना २०१६ नंतर मिळालेलं पहिलं पदक. सगळे म्हणाले, आता कुठे सुरुवात आहे. आणि दोन आठवड्यांनी, ९ एप्रिलला, हिने इन्स्टाग्रामवर लिहून टाकलं की मी स्केटिंग सोडतेय. सोळाव्या वर्षी निवृत्त! माझ्या लक्ष्यांपर्यंत पोचले, आता पुढचं आयुष्य बघायचंय, असं काहीसं.

आमच्या भिशीत त्या दिवशी केवढा वाद झाला! अर्ध्याजणी म्हणाल्या, बापाने एवढे पैसे ओतले, पहाटे उठून गाडी हाकली, आणि ही चालली. अर्ध्याजणी म्हणाल्या, बापानेच पोरीचं बालपण खाल्लं. मला दोन्ही पटत नाही. बापाने केलं नसतं तर ती तिथवर पोचली नसती, हे उघड आहे. परक्या देशात येऊन पाच पोरं वाढवणाऱ्या माणसाला नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही. पण पाच वर्षांच्या मुलीला कोणी विचारत नाही, तुला हे हवंय का. तिने "नको" म्हटलं ते सोळाव्या वर्षी, पदक हातात असताना, आणि रडारड न करता. डेट्रॉइटच्या तिन्ही ॲक्सेल एका बाजूला ठेव आणि ते इन्स्टाग्रामवरचं एका बाजूला. मला विचारशील तर दुसरी उडी अवघड.

मग काय केलं? जगली. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालून आली. कॉलेजात गेली, मानसशास्त्र घेतलं. आणि २०२४ च्या सुरुवातीला मैत्रिणींबरोबर स्कीइंगला गेली. बर्फावरून घसरताना तो जुना थरार पुन्हा आठवला, म्हणून गंमत म्हणून रिंकवर गेली, साध्या पब्लिक सेशनला. तुझी पोर हात धरून फिरेल तसल्याच. तिथे जंप मारून पाहिली तर येतेय! जुन्या कोचला, फिलिप डिगुलिएल्मोला, फोन केला की मला परत यायचंय. त्याने आधी समजूत घातली, नको येऊस म्हणून. हिने ऐकलं नाही. पण या वेळी सगळं तिच्या मनासारखं. गाणं तिने निवडायचं, ड्रेस तिच्या पसंतीचा, काय खायचं ते तिचं ती ठरवणार. बाप बाजूला, टाळ्या वाजवायला. केसांना पट्टे काढलेत सोनेरी. वरच्या ओठाच्या आत टोचून घेतलंय, तेही स्वतःच्या हाताने! ... शी काय, तू नाकात चमकी घातलीच आहेस की.

आणि मग मार्च २०२५, बॉस्टन. डॉना समरच्या जुन्या डिस्को गाण्यावर नाचली आणि जागतिक विजेती झाली. २००६ मध्ये किमी माइसनर जिंकली होती, तिच्यानंतर अमेरिकेची हीच पहिली. तेव्हा एकोणीस वर्षांची. तेराव्या वर्षीही ती हसत होती, पण हे हसणं वेगळं होतं बाई. आमचे हेसुद्धा फुटबॉल विसरून बघत बसले होते.

शिवाय नियमही बदललेत, ते सांग नवऱ्याला. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना आता सतरा वर्षं पूर्ण लागतात. २०२२ मध्ये ठरलं ते, टप्प्याटप्प्याने पंधराचं सतरा केलं. तेव्हा त्याच्या सात वर्षांत काही व्हायचं नाही. अकरा धरायला सांग, आणि त्यातली पहिली काही नुसती पडण्यात जाणार.

पडण्यात म्हणजे खरंच पडण्यात. माझी धाकटी जायची ना लहानपणी, बघितलंय मी. पहिल्या तासाला आधी पडायला शिकवतात. बर्फावर जायच्याही आधी, रबरी फरशीवर. गुडघे वाकवायचे, खाली बसल्यासारखं व्हायचं आणि एका कुशीवर घसरायचं. बोटं मुठीत आवळून घ्यायची, कोणाचं ब्लेड वरून गेलं तर? उठताना आधी चार पायांवर, मग एक पाऊल दोन्ही हातांच्या मधे, मग हात गुडघ्यावर आणि वर. हे जमलं की मग बदकासारखं चालायचं. गिरकी-बिरकीचं नाव नाही. पहिल्या दिवशी तुझी पोर तासातला बराच वेळ बर्फावर बसलेली दिसेल, आणि तुला वाटेल पैसे बुडाले. नाही बुडत. पोरांना मजा येते त्यात. माझ्या धाकटीला पडण्यातच जास्त रस होता. पुढे शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट मिळालं आणि स्केट्स सुटले. गॅरेजमध्ये आहेत अजून. ... नको, ते नको मागूस. जुने बूट घोट्याशी ढिले पडतात, आणि घोटा घट्ट धरला गेला नाही तर पोर मुरगळून बसेल.

रिंकवर भाड्याने मिळतात तेच घ्या आधी. नवे घ्यायला काही हरकत नाही म्हणेल तुझा नवरा, दुकानदारही म्हणेल, पण पाय सहा महिन्यांत वाढतो या वयात. जाड लोकरी मोजे घालू नकोस, सगळ्या नव्या आया तेच करतात. बूट सैल बसतो त्याने. पातळ, लांब मोजे घाल. स्वतःसाठी मात्र स्वेटर ने, बाहेर कितीही ऊन असलं तरी. आणि ती मशीन येईल बर्फ गुळगुळीत करायला, झांबोनी म्हणतात तिला, ती बघायला पोर काचेला नाक लावून उभी राहील, तेव्हा घाई करू नकोस. फ्रँक झांबोनी म्हणून होता, त्याने इथेच, कॅलिफोर्नियात बनवली ती, १९४९ मध्ये. वाळवंटाला लागून असलेल्या राज्यात बर्फाची मशीन, बघ आता!

चल, जा तू, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतायत तुझ्या. थांब, एकच. ते कोपऱ्यावरचं निळं घर विकायला काढलंय म्हणे? पाटी लावलीय ती मी पाहिली, पण किती मागतायत ते कळलं का तुला?